फॉर्म १६मधील चूक आणि तिच्या दुरुस्तीचा इतिहास

फॉर्म १६ हा नोकरदाराला वर्षातून एकदा मिळणारा दाखला. आर्थिक वर्षात पगार किती दिला, कोणत्या वजावटी धरल्या, प्राप्तिकर किती कापला आणि तो सरकारात केव्हा भरला, हे पगार देणाऱ्याने त्यात लेखी द्यायचे असते. या दाखल्यात चूक झाली तर तिचा त्रास बहुतेक वेळा ज्याने ती केली त्याला होत नाही. दाखला तयार करतो मालक, पैसे जमा होतात सरकारकडे, आणि नोटीस येते ती नोकरदाराला. मुळातून करकपातीचा भारतातला इतिहास दीड शतकाहून जुना आहे. ही चूक कोणी शोधायची, कोणी दुरुस्त करायची आणि तोवर भार कोणी सोसायचा, या प्रश्नांची उत्तरे त्या काळात अनेकदा बदलली.

भारतातला पहिला प्राप्तिकर कायदा २४ जुलै १८६० रोजी मंजूर झाला. १८५७च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी जेम्स विल्सन यांनी तो आणला होता. तो पाच वर्षांपुरता होता आणि १८६५ मध्ये संपला. टिकाऊ चौकट आली ती १८८६च्या कायद्याने. त्यात उत्पन्नाचे चार प्रकार होते आणि पगार व पेन्शन हा त्यातला पहिला. वर्षाला पाचशे रुपयांच्या आतल्या उत्पन्नाला माफी होती. पगार दोन हजारांच्या आत असेल तर रुपयामागे चार पै आणि त्याहून जास्त असेल तर पाच पै कर. सरकारी नोकराचा कर पगार देतानाच कापून घेतला जाई. कापणारा आणि घेणारा दोन्ही सरकारच असल्याने दाखल्याची गरज भासली नाही. चूक झालीच तर ती त्याच कचेरीच्या पगारपत्रकात सापडे आणि पुढच्या महिन्यात वळती होई.

१९२२च्या कायद्याने हे चित्र बदलले. त्याच्या कलम १८ने पगार देणाऱ्या प्रत्येकावर करकपातीची जबाबदारी टाकली, मग ते सरकार असो, कंपनी असो की खासगी मालक. कापायचा कर वर्षाच्या अंदाजी उत्पन्नावर ठरवायचा होता, आणि अंदाज म्हटला की तो चुकणारच हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. म्हणून आधीच्या महिन्यांत कमीजास्त कापले गेले असेल तर पुढच्या कपातीत ते सांभाळून घेण्याची मुभा त्याच कलमात दिली गेली. १९६१च्या कायद्यात ती कलम १९२(३) म्हणून आली. फेब्रुवारी आणि मार्चचा पगार हाती कमी पडण्यामागे बहुतेक वेळा हीच तरतूद असते: गुंतवणुकीचे पुरावे आले नाहीत, घरभाड्याच्या पावत्या कमी निघाल्या, तर वर्षभराची तूट शेवटच्या दोन महिन्यांत भरून काढली जाते. चुकीवरचा हा सर्वांत साधा उपाय. वर्ष संपण्याआधी, मालकाच्या वहीतच ती मिटते.

वर्ष संपल्यावरचे काय? १९२२च्या कायद्याच्या कलम २१प्रमाणे ३१ मार्चनंतर तीस दिवसांत मालकाने पगारदारांची यादी प्राप्तिकर अधिकाऱ्याकडे द्यायची असे. नाव, पत्ता, दिलेला पगार, कापलेला कर हे सारे त्यात असे. पुढे फॉर्म २४ म्हणून ओळखल्या गेलेल्या वार्षिक विवरणपत्राचे मूळ या यादीत आहे. फॉर्म १६ हा दाखला मात्र १९६१चा कायदा आणि १९६२च्या नियमांखालचा. कलम २०३ने दाखला देण्याचे बंधन घातले, नियम ३१ने त्याचा नमुना ठरवला, आणि त्या नमुन्याचा क्रमांक १६. क्रमांकच पुढे नाव झाला.

कागदाच्या काळात या दाखल्याला मोठे वजन होते. कलम १९९प्रमाणे कापलेल्या कराची वजावट दाखला हजर केल्यावर मिळे. टंकलिखित कागद, खाली अधिकाऱ्याची सही, कंपनीचा गोल शिक्का. हा कागद विवरणपत्राला जोडला की आकारणी अधिकारी तो धरून चाले. मालकाने स्वतंत्रपणे दिलेला फॉर्म २४ दुसऱ्या कपाटात असे. लाखो नोकरदारांच्या बाबतीत दोन कागदांचा हाताने ताळा घालणे व्यवहारात शक्य नव्हते. त्यामुळे नाव चुकले, आकडा चुकला, चलनाचा तपशील राहिला, तर दुरुस्ती कागदावरच होई. मालक खाडाखोडीवर सही करून देई किंवा नवा दाखला टंकून देई. खरी अडचण दाखला हरवला तर येई. मालक साध्या कागदावर दुसरी प्रत देऊ शकत असे, पण ती धरण्यापूर्वी कर खरोखर भरला गेल्याची खातरजमा अधिकाऱ्याने करायची आणि नोकरदाराकडून हमीपत्र लिहून घ्यायचे, असा नियम होता. प्रत हरवणे ही नोकरदाराची चूक. तिची किंमत त्याने मोजणे समजण्यासारखे आहे. मालकाच्या चुकीची किंमतही त्यानेच मोजावी लागण्याचा काळ नंतर आला.

याच कायद्यात एक तरतूद पहिल्यापासून होती, पण तिच्याकडे फार उशिरा लक्ष गेले. कलम २०५ सांगते की उत्पन्नातून कर कापला गेला असेल तर तेवढ्या रकमेपुरती करदात्याकडे पुन्हा मागणी करायची नाही. मालकाने कापलेले पैसे भरलेच नाहीत तर सरकारने ते मालकाकडून वसूल करायचे. हे न्यायाचे आहे, कारण मालकाला वसुली करणारा नेमला तो सरकारने. नोकरदाराने त्याला निवडलेले नाही. तरीही दाखला नाही म्हणून वजावट नाही, असे आदेश निघत राहिले. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. पगारातून कर कापला गेला होता, पण मालकाने तो भरला नव्हता आणि फॉर्म १६ही दिला नव्हता. कर खरोखर कापला गेल्याचे दिसत असेल तर केवळ दाखला नसल्यामुळे नोकरदाराकडून तो पुन्हा मागता येणार नाही, वसुली मालकाकडून व्हावी, असा निर्णय न्यायालयाने दिला. पगाराची चिठ्ठी आणि बँकेत जमा झालेली निव्वळ रक्कम यांचे पुरावा म्हणून मोल या निकालाने वाढले.

तोवर कागदाचे राज्य संपत आले होते. २००२ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील प्रत्यक्ष कर कृतिगटाने देशभराची करकपात एका संगणकीय जाळ्यात आणण्याची शिफारस केली. त्यानुसार मुंबईच्या नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरीने ‘टॅक्स इन्फर्मेशन नेटवर्क’ उभे केले. ते जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले. त्याचा कारभार पुण्यातून चाले. देशातल्या कितीतरी हिशेबनीसांची करकपातीच्या विवरणपत्रांबाबतची पत्रे पुण्याच्या मॉडेल कॉलनीतल्या पत्त्यावर जात. त्याच वर्षी बँकांनी करभरणा रोजच्या रोज संगणकावर कळवण्याची पद्धत सुरू झाली, आणि २००५ पासून वार्षिक फॉर्म २४च्या जागी तिमाही फॉर्म २४क्यू आला. सुरुवातीची विवरणपत्रे फ्लॉपीत किंवा सीडीत भरून, सोबत सही केलेला फॉर्म २७ए जोडून, सुविधा केंद्राच्या खिडकीवर द्यावी लागत.

या व्यवस्थेत चुकीचे रूपच पालटले. पूर्वी कर नावावर ओळखला जाई, आता पॅनवर. पॅनमध्ये पाच अक्षरे, चार अंक आणि शेवटी एक अक्षर. चौथे अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’, पाचवे आडनावाचे पहिले. फाइल तपासणारी प्रणाली फक्त हा साचा पाहत असे. हाताने लिहिलेल्या यादीतला पाच सहा म्हणून टंकला गेला तरी साचा बरोबरच राही, फाइल स्वीकारली जाई, आणि कर कोणाच्याच खात्यात न जाता लटकून राही, किंवा तसा पॅन खरोखर असेल तर परक्याच्या नावावर जमा होई. महाराष्ट्रात लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या स्त्रियांच्या पॅनमध्ये पाचवे अक्षर माहेरच्या आडनावाचेच राहते. नावावरून पॅन पडताळणाऱ्याला बरोबर पॅनही चुकीचा वाटू शकतो. ज्यांचा पॅन मिळालाच नाही त्यांच्यासाठी ‘पॅन नॉट अव्हेलेबल’ अशा अर्थाचे दहा अक्षरी संकेत भरण्याची सोय होती, आणि ती सढळ हाताने वापरली गेली. कापलेल्या पैशाला धनीच उरला नाही. १ एप्रिल २०१०पासून पॅन न देणाऱ्याचा कर किमान वीस टक्के दराने कापण्याचे कलम २०६एए आले, ते या पार्श्वभूमीवर.

दुसरी मोठी चूक चलनाची. करभरण्याच्या प्रत्येक चलनाची ओळख तीन गोष्टींनी होते: बँकेच्या शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, भरण्याची तारीख आणि चलनाचा अनुक्रमांक. विवरणपत्रात यातला एक अंक चुकला तर बँकेकडून आलेल्या नोंदीशी जुळणी होत नाही, आणि त्या चलनाखालच्या साऱ्या कर्मचाऱ्यांची कपात एकदम अडकते. शेपन्नास लोकांच्या कचेरीत एका चुकीच्या अंकाने सगळ्यांचे परतावे थांबू शकतात. सरकारी कार्यालयांत तर चलनच नसते. तेथे आहरण व संवितरण अधिकारी कर कापतो, पण पैसा बँकेत न जाता कोषागाराच्या पुस्तकी नोंदीने वळता होतो. २०१० पासून कोषागार किंवा लेखा कार्यालयाने दरमहा फॉर्म २४जी भरायचा आणि त्यातून मिळणारा क्रमांक संवितरण अधिकाऱ्याने आपल्या विवरणपत्रात लिहायचा, अशी पद्धत आली. शाळेतला शिक्षक, तालुक्याचा संवितरण अधिकारी आणि जिल्ह्याचे कोषागार या साखळीत एकाने नोंद उशिरा केली तरी शेवटी अडतो तो शिक्षकच. त्याच्या पगारातून कर तर महिन्याच्या महिन्याला गेलेला असतो.

संगणकावर सारे आल्यावर दाखल्याची गरजच राहू नये, असा सरकारचा बेत होता. कलम २०३एएने प्रत्येक करदात्याला वार्षिक करपत्रक, म्हणजे फॉर्म २६एएस, देण्याचे ठरले आणि १ एप्रिल २००५ नंतरच्या कपातीसाठी कागदी दाखला बंद करण्याची तारीखही पडली. ती आधी २००६, मग २००८, मग २०१० अशी पुढे ढकलत नेण्यात आली. २००९ मध्ये प्रत्येक कपातीला स्वतंत्र व्यवहार क्रमांक देण्याची योजना अधिसूचित झाली आणि काही महिन्यांतच स्थगित झाली. अखेर २०१०च्या वित्त कायद्याने दाखला बंद करण्याची तरतूदच काढून टाकली. कारण उघड आहे: नोंदीत चुका इतक्या होत्या की कागद काढून घेतला असता तर नोकरदाराच्या हाती काहीच उरले नसते. दाखला वाचला हे बरेच झाले.

पण त्याचे वजन मात्र कमी झाले होते. २००९च्या नियम ३७बीएप्रमाणे कराची वजावट मालकाने खात्याला दिलेल्या माहितीच्या आधारे मिळू लागली. हातात सही-शिक्क्याचा फॉर्म १६ आहे, त्यावर आकडा बरोबर आहे, पण २६एएसमध्ये तो दिसत नाही, अशा अवस्थेत कागद हरू लागला. या संपूर्ण इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच. चूक आता नोकरदाराला दिसे, पण तिला हात लावण्याचा अधिकार त्याला नव्हता. २४क्यू दुरुस्त करू शकतो तो फक्त मालक. नोकरी सोडून चार वर्षे झाली असतील, कंपनी बंद पडली असेल, हिशेबनीस बदलला असेल, तरी वाट एकच. दरम्यान नोकरदाराच्या विवरणपत्रावर प्रक्रिया होऊन मागणी निघे आणि पुढच्या वर्षाच्या परताव्यातून ती परस्पर वळती केली जाई.

या त्रासाची दखल दिल्ली उच्च न्यायालयाने घेतली. एका सनदी लेखापालाने लिहिलेल्या पत्रावरून न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली आणि १४ मार्च २०१३ रोजी निकाल दिला. मालकाने माहिती चुकीची चढवली म्हणून करदात्याची वजावट नाकारू नये. त्याने पुरावा दिला तर आकारणी अधिकाऱ्याने कर जमा झाला आहे का ते स्वतः पडताळून वजावट द्यावी, असे त्यात सांगितले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ८ जुलै २०१३च्या सूचनेने हे अधिकाऱ्यांवर बंधनकारक केले. मालकाने कापलेला कर भरलाच नसेल तरी नोकरदाराकडून सक्तीने वसुली करू नये, अशी सूचना १ जून २०१५ रोजी निघाली आणि मार्च २०१६ मध्ये पुन्हा काढावी लागली. कलम २०५ कायद्यात असताना तेच दोनदा लिहून सांगावे लागावे, यावरून प्रत्यक्षात काय चालू होते ते समजते.

दुसऱ्या बाजूने मालकांवरचा दाब वाढवला गेला. १ जुलै २०१२ पासून करकपातीचे विवरणपत्र उशिरा दिल्यास दिवसाला दोनशे रुपये शुल्क लागू झाले. त्याला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये फेटाळले. चुकीच्या माहितीसाठी दहा हजार ते एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला गेला. गाझियाबादमधील वैशाली येथे करकपातीसाठी स्वतंत्र प्रक्रिया केंद्र उभे राहिले आणि ‘ट्रेसेस’ हे संकेतस्थळ सुरू झाले. २०१३च्या सुधारित फॉर्म १६मध्ये दोन भाग होते. भाग अ म्हणजे तिमाहीवार कापलेला व भरलेला कर; तो ट्रेसेसवरूनच उतरवून घ्यायचा. भाग ब म्हणजे पगार, सूट आणि वजावटींचा तपशील. तो मालकाने करायचा. मे २०१९ पासून भाग बसुद्धा ट्रेसेसवरून येऊ लागला. म्हणजे आज फॉर्म १६ हा मालकाचा स्वतंत्र दाखला उरलेला नाही. तो २४क्यूमधल्या नोंदीची छापील प्रत आहे, आणि तो दुरुस्त करायचा तर नोंद दुरुस्त करावी लागते.

ती दुरुस्ती कशी होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. करसल्लागाराच्या कचेरीत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हेच काम चाललेले असते, कारण दाखला देण्याची मुदत १५ जून. मालकाच्या वतीने ट्रेसेसवर जाऊन त्या तिमाहीची ‘कन्सो फाइल’, म्हणजे आधी दिलेल्या विवरणपत्राची एकत्रित फाइल, मागवायची. खात्याने काढलेल्या चुकांचा ‘जस्टिफिकेशन रिपोर्ट’ सोबत घ्यायचा. फाइल विवरणपत्राच्या प्रणालीत उघडून हवी ती ओळ बदलायची. प्रत्येक दुरुस्तीला संकेत असतो: चलनाची असेल तर सी-२, कर्मचाऱ्याच्या कपातीची असेल तर सी-३, वार्षिक पगाराची असेल तर सी-४, पॅनची असेल तर सी-५. भाग अमधली चूक ज्या तिमाहीत झाली त्या तिमाहीचे विवरणपत्र सुधारावे लागते. भाग बमधली चूक मात्र नेहमी चौथ्या तिमाहीत सापडते, कारण वर्षभराच्या पगाराचे परिशिष्ट त्याच तिमाहीला जोडलेले असते. सुधारित विवरणपत्र स्वीकारले गेल्यावर नवा फॉर्म १६ उतरवून घ्यायचा. जुना पीडीएफ उघडून त्यात आकडा बदलण्याला काही अर्थ नाही.

सगळ्याच चुकांना हा फेरा लागत नाही, आणि हा भेद अनेक नोकरदारांना कोणी नीट सांगत नाही. विम्याचा हप्ता किंवा भविष्य निर्वाह निधीची गुंतवणूक मालकाने धरली नसेल, पण ती त्या वर्षात खरोखर केलेली असेल, तर ती स्वतःच्या विवरणपत्रात दाखवता येते. मालकाच्या मागे लागण्याची गरज नसते. व्यवसायकराचेही तसेच. महाराष्ट्रात तो दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असा वर्षाचा अडीच हजार होतो. फॉर्म १६मध्ये चोवीसशे दिसले तर कोणता महिना चुकला ते लगेच कळते. उलट, वर्षाच्या मध्यात नोकरी बदललेल्याचे दोन्ही दाखले आपापल्या जागी बरोबर असूनही एकत्र चुकीचे ठरतात. आधीच्या पगाराची माहिती फॉर्म १२बीने नव्या मालकाला दिली नाही, तर करमाफीची मर्यादा आणि प्रमाणित वजावट दोन्हीकडे धरली जाते आणि विवरणपत्र भरताना मोठी रक्कम अंगावर येते. ही चूक निस्तरण्याची जबाबदारी नोकरदाराचीच.

दाखला आणि विवरणपत्र यांची थेट जोडणी झाल्यावर चुकीचा पल्ला वाढला. २०१७-१८च्या आकारणी वर्षापासून फॉर्म १६ किंवा २६एएसमध्ये दिसणारे उत्पन्न विवरणपत्रात नसेल तर संगणकानेच ते वाढवण्याची तरतूद लागू झाली. त्यातून इतके वाद निघाले की पुढच्याच वर्षी ती या कागदांपुरती मागे घेण्यात आली. २०१९ पासून विवरणपत्रातले पगाराचे रकाने २४क्यूवरून आधीच भरून येऊ लागले. नोव्हेंबर २०२१ मध्ये वार्षिक माहिती पत्रक आले. त्यात नोंद चुकीची असल्याचे करदात्याला कळवता येते. इतक्या वर्षांत प्रथमच त्याला बोलायची जागा मिळाली. करकपातीचे मूळ विवरणपत्र बदलायचे ते अजूनही मालकानेच.

अलीकडचे बदल मुदतीचे आहेत. मालकाने सुधारित विवरणपत्र केव्हापर्यंत द्यावे याला पूर्वी मर्यादा नव्हती. दहा वर्षांपूर्वीचा पॅनही दुरुस्त होऊ शके. २०२४च्या दुसऱ्या वित्त कायद्याने १ एप्रिल २०२५ पासून सहा वर्षांची मर्यादा घातली. २१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यात पगारातील करकपात कलम ३९२मध्ये आहे, आणि सुधारित विवरणपत्राची मुदत दोन वर्षांवर आणली आहे. करप्रशासनाला हिशेब मिटलेले हवेत हे खरे. पण जुन्या मालकाची चूक नोकरदाराला पुष्कळदा कळते ती परतावा वळता झाल्यावर, आणि त्यात दोन वर्षे सहज निघून जातात. मुदत संपल्यावर नोंद बदलण्याची वाट बंद होते. त्यानंतर पगाराची चिठ्ठी, बँकेचे पासबुक आणि कर कापला गेल्याचे अन्य पुरावे घेऊन, २००७च्या प्रकरणातल्या नोकरदाराप्रमाणे, आकारणी अधिकाऱ्याकडे किंवा न्यायालयात दाद मागणे एवढेच उरते.